ट्रायजेमिनल न्यूराल्जिया

चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा झटका बसावा तशी कळ आणणारा मज्जातंतूचा विकार. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी पाचवी नस तीन फाट्यांनी कपाळ, गाल आणि खालचा जबडा यांची संवेदना मेंदूकडे नेते. दुखणे बहुधा खालच्या दोन फाट्यांत असते. नागपूरकडचा रुग्ण ‘नस दुखते’ म्हणतो, किंवा ‘करंट लागल्यावानी होते’. निदानाला हे दुसरे वाक्य जास्त उपयोगी पडते. तोंड वाकडे होणे, म्हणजे चेहऱ्याचा लकवा, हा वेगळा आजार. तो सातव्या नसेचा. त्यात हालचाल जाते, इथे ती शाबूत असते.

कळ क्षणभर ते फार तर दोन मिनिटे टिकते, पण दिवसातून कितीही वेळा येते. मधल्या वेळात माणूस ठणठणीत दिसतो, म्हणून घरच्यांना ते सोंग वाटू लागते. चूळ भरणे, ब्रश, बोलणे, घास चावणे, टॉवेलचा नुसता स्पर्श एवढेही निमित्त पुरते. अर्ध्या गालावर दाढी वाढलेला आणि अर्धा गाल गुळगुळीत असा पुरुष बाहेरच्या बाकावर दिसला, तर जाणत्या डॉक्टरला अंदाज येतो. पोळी दुधात कुस्करून, वरणभात कालवून, दुखऱ्या बाजूला न जाऊ देता गिळायचा, हे अशा घरातले रोजचे जेवण. तर्री-पोह्यातला कडक चिवडा बंदच.

वाऱ्याची झुळूकही चालत नाही, आणि नागपुरात ही मोठीच पंचाईत. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की कूलरशिवाय झोप नाही; कूलरचा झोत गालावर आला की कळ. मग खाट फिरवायची, नाहीतर झोत पायांकडे घ्यायचा. दुचाकीवर तोंडाला ओढणी गुंडाळण्याची इथली रीत वारा अडवते, पण घट्ट बांधली तर कापड नेमके दुखऱ्या जागी घासते.

पहिली धाव दातांच्या दवाखान्यात असते. कळ दाढेतून निघाल्यासारखी वाटते. रूट कॅनाल होते, निरोगी दाढही काढली जाते आणि कळ तशीच राहते. इथे खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, भर पडते. खर्रा खाणाऱ्याचे तोंड आधीच झोंबत असते, उघडत नसते, त्यामुळे सगळा दोष त्यालाच दिला जातो. पण खर्ऱ्याचे दुखणे सतत जळजळणारे असते. झटके देऊन थांबणारे नव्हे.

कारण बहुधा यांत्रिक असते. मेंदूच्या बुंध्यापाशी एखादी रक्तवाहिनी नसेला चिकटून ठोके देत राहते, नसेवरचे आवरण झिजते आणि साधा स्पर्शही वेदना होऊन पोचतो. आजार पन्नाशीनंतर जास्त, पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. तरुण वयात किंवा दोन्ही बाजूंना दुखले तर मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचे आवरण खराब होणाऱ्या आजाराचा, विचार करतात. निदान मुख्यतः हकिगत ऐकूनच होते. एमआरआय गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी आणि रक्तवाहिनी शोधण्यासाठी.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग होत नाही. १९६२ पासून वापरात असलेले कार्बामाझेपिन हे पहिले औषध. मेडिकलवाला ‘ही तर मिरगीची गोळी’ म्हणतो आणि रुग्ण ती घरी आणून ठेवून देतो. हे वारंवार घडते. गोळी कमी मात्रेपासून वाढवत नेतात. झापड, तोल जाणे, रक्तातले सोडियम उतरणे हे तिचे त्रास. अंगावर पुरळ आले तर लगेच डॉक्टरांकडे जावे. बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने एकदम सोडू नये.

गोळ्या पुरेनाशा झाल्या की शस्त्रक्रिया. कानामागे कवटीला छोटी खिडकी करून रक्तवाहिनी आणि नस यांच्यात टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. दहा वर्षांनंतरही सुमारे ७० टक्के रुग्ण वेदनामुक्त असतात. त्या बाजूचे ऐकू येणे कमी होण्याचा धोका थोडा असतो. वय किंवा प्रकृती साथ देत नसेल तर गालातून सुई घालून नसेच्या मुळाशी असलेला पेशींचा पुंजका (गँग्लियन) तापवतात किंवा फुग्याने दाबतात. आराम लवकर मिळतो, पण गाल बधिर होतो आणि काही वर्षांनी कळ परतू शकते.

चंद्रपूर, गडचिरोलीपासून बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण नागपुरात येतात. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातच शासकीय दंत महाविद्यालय आहे, त्यामुळे दाढ निर्दोष ठरली की पुढची चिठ्ठी तिथूनच घेता येते. मिहानमधील एम्स हा दुसरा पर्याय. धंतोली आणि रामदासपेठेत खासगी मेंदूविकारतज्ज्ञ आहेत. शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, विचारून घ्यावे, आणि रेशनकार्ड सोबत न्यावे.