रिपोर्ट नॉर्मल आहे, मग पोट का दुखतं?

माझ्या मावसबहिणीच्या कॉलेजच्या पर्समध्ये एक वेळ आयकार्ड नसायचं पण मेफ्टाल या दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी असायचीच. पाळीचे पहिले दोन दिवस ती गरम पाण्याची पिशवी धरून गुडघे पोटाशी घेऊन पडलेली असायची आणि घरातल्या सगळ्या बायकांचं एकच, अगं आम्हालाही दुखायचं, लग्न झालं की थांबतं. दोनदा सोनोग्राफी झाली, दोन्ही वेळा रिपोर्ट नॉर्मल. मग एका डॉक्टर बाईंनी विचारलं, "पाळीत संडासला बसलीस की आत कळ येते का गं?" आणि ती रडायलाच लागली, कारण नऊ वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं आणि आपणहून सांगायची लाज वाटायची.

तिला एंडोमेट्रिओसिस होता. म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर कुठेतरी वाढतं, बीजांडकोशावर, गर्भाशयाच्या मागे, आतड्यावर, लघवीच्या पिशवीवर. तिथे सूज येते, व्रण धरतात, अवयव एकमेकांना चिकटतात. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना, जगभरात मिळून १९ कोटी जणींना हा आजार आहे. आणि निदानाला किती वेळ? ब्रिटनमध्ये, जिथे सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत, तिथे २०२४ च्या पाहणीत सरासरी ८ वर्षं १० महिने निघाले.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही असं होत नाही. या आजाराची तीन रूपं आहेत. एक चॉकलेट सिस्ट, बीजांडकोशात जुनं रक्त साठून झालेली गाठ, ती सोनोग्राफीत दुधी काचेसारखी दिसते आणि सहसा नजरेतून सुटत नाही. दुसरं खोलवर रुजलेलं, आतड्यात वगैरे शिरलेलं, ते दिसतं पण शोधणाऱ्यालाच. तिसरं म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्यावरचे बारीक बारीक ठिपके, ते सोनोग्राफीत जवळजवळ दिसतच नाहीत आणि एमआरआयमध्येही बऱ्याचदा सुटतात. आणि ठिपके थोडे म्हणजे दुखणं थोडं असंही नाही, उलट कधीकधी मोठी सिस्ट असलेलीला काहीच त्रास नसतो.

शोधणाऱ्यालाच दिसतं म्हणजे काय ते सांगते. आतून, म्हणजे योनीमार्गातून सोनोग्राफी करताना डॉक्टर प्रोबने, म्हणजे सोनोग्राफीच्या दांडीने, हलकेच ढकलून बघतात की गर्भाशय मागच्या आतड्यावरून सरकतं का. तूप लावून रचलेल्या पोळ्या कशा एकीवरून एक घसरतात, तसं निरोगी पोटात व्हायला हवं. चिकटलं असेल तर दोन्ही एकत्रच हलतात, बिनतुपाच्या गरम पोळ्या डब्यात बसतात तशा. याला स्लायडिंग साइन म्हणतात, बघायला फार वेळ लागत नाही, नवीन मशीनही लागत नाही, फक्त बघायचंय हे डोक्यात हवं. २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने अशा तपासणीच्या पायऱ्या ठरवून दिल्या.

आता आपल्याकडची अडचण. लग्न झालेलं नसेल तर आतून सोनोग्राफी सहसा करतच नाहीत, मग मुलगी लघवी तुंबेपर्यंत पाणी पिऊन पोटावरून सोनोग्राफी करून घेते आणि त्यात खोलवरचं काही नीट दिसत नाही. म्हणजे ज्या वयात दुखणं सुरू होतं त्याच वयात तपासणी सगळ्यात कच्ची! एमआरआय करता येतो, गुदद्वारातून सोनोग्राफी करता येते, पण असे पर्याय आहेत हे आईला कुणी सांगतच नाही.

पूर्वी दुर्बिणीतून ऑपरेशन करून तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. २०२२ मध्ये युरोपातल्या ईश्रे या प्रजनन-तज्ज्ञांच्या संस्थेने हे बदललं: आधी लक्षणं आणि इमेजिंग, म्हणजे सोनोग्राफी किंवा एमआरआय, आणि इमेजिंगमध्ये काही नसेल किंवा गोळ्यांनी फरक पडत नसेल तर दुर्बीण. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण भूल देऊन ऑपरेशन या विचारानेच किती घरांत विषय तिथेच संपायचा.

रक्ताची टेस्ट? सीए-१२५ यावर भिस्त ठेवू नका, आजार असून नॉर्मल येते आणि दुसऱ्याच कारणाने वाढते, पोटातल्या टीबीतही वाढते, आणि आपल्या देशात तो विसरून चालत नाही. फ्रान्समध्ये लाळेची टेस्ट निघालीये, लाळेतले १०९ मायक्रोआरएनए नावाचे बारीक रेणू मोजून सांगते. पण २०२२ च्या पहिल्या अभ्यासात २०० जणींपैकी १५३ जणींना आजार होताच, सगळ्याच आधीपासून त्रास असलेल्या, त्यामुळे सरसकट सगळ्या मुलींची लाळ तपासा असं त्यावरून म्हणता येणार नाही. ऑक्सफर्डला नव्याने फुटणाऱ्या रक्तवाहिन्यांना चिकटणारा किंचित किरणोत्सारी पदार्थ टोचून तेच बारीक ठिपके स्कॅनवर दिसतात का ते बघतायत, ते जमलं तर खरंच मोठी गोष्ट होईल. आणि मुंबईत परळच्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेने भारतीय बायकांमधल्या एंडोमेट्रिओसिसचा देशभरातला अभ्यास हाती घेतलाय, आपल्याकडे लक्षणं कशी दिसतात हे त्यातून कळेल.

तोवर वही. दोन-तीन पाळ्या लिहून काढा: कोणत्या दिवशी दुखलं, दहापैकी किती, संडासला, लघवीला, संबंधांच्या वेळी दुखतं का, किती गोळ्या घेतल्या, शाळा-ऑफिस किती दिवस बुडलं. सोनोग्राफीला जाताना चिठ्ठीवर "एंडोमेट्रिओसिसची शंका" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, म्हणजे बघणारा तेच शोधेल. माझ्या बहिणीच्या तिसऱ्या सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ते लिहिलेलं होतं, आणि त्याच रिपोर्टमध्ये पहिल्यांदा आलं, गर्भाशय आणि आतडं चिकटलेलं आहे.