पावसाळा, पिस्तूल आणि टोपीतलं मीठ

जुनी लष्करी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं पाहणाऱ्यांना एक कोडं हमखास पडतं. एखादं हत्यार महायुद्ध बघून आलेलं असतं, वरचा रंग उडालेला, मूठ झिजलेली. पण नळीत डोकावलं तर आतून लख्ख. दुसरं वरून कोरं करकरीत, आणि नळी मात्र आतून कुरतडल्यासारखी. गोळ्या झाडून नळी झिजते हे खरं, पण छोट्या हत्यारांत ही झीज फार सावकाश होते. बहुतेक नळ्यांची वाट लागते ती बार काढून झाल्यावर, हत्यार निवांत कपाटात पडलेलं असताना. यात गोळीचा दोष नसतो आणि दारूचाही नसतो. दोष असतो मिठाचा, आणि तेही चिमूटभर नव्हे, काही मिलिग्रॅम.

पुण्यात वानवडीतल्या एका निवृत्त कर्नलसाहेबांकडे वेब्ली मार्क ६ आहे. वेब्ली रिव्हॉल्व्हर ब्रिटिश लष्करात १८८७ साली आलं आणि त्याचा हा सहावा अवतार १९१५ चा, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतला. साहेबांचं हत्यार कायमचं निकामी केलेलं आहे: घोड्याची टोच कापलेली, सिलिंडरची सहाही घरं वेल्डिंगने बुजवलेली. नळी मात्र उघडी आहे. "हात लावा, पण आधी बोटं पुसा," म्हणाले. वजन १ किलोच्या थोडं वर. डाव्या बाजूची कळ अंगठ्याने दाबली की सगळा पुढचा भाग बिजागरीवर खाली झुकतो आणि सिलिंडरच्या मधला तारा वर उचलला जातो. सहा रिकाम्या पुंगळ्या एका झटक्यात बाहेर पडाव्यात म्हणून केलेली ही सोय. शंभर वर्षांनंतरही तो तारा कुरकुर न करता वर आला. पण मागे पांढरा कागद धरून नळीतून पाहिलं तेव्हा चित्र वेगळं होतं. उजवीकडे वळत गेलेल्या सात पेचदार खाचा, मधले उंचवटे बऱ्यापैकी चकचकीत, आणि प्रत्येक खाचेच्या कोपऱ्यात काळ्या खड्ड्यांची रांग. कोपऱ्यातच का? चिंधी आणि ब्रश तिथे नीट पोचत नाहीत म्हणून.

काडतुसाच्या बुडाशी एक छोटी टोपी असते. घोड्याची टोच तिच्यावर बसली की आतलं मिश्रण पेटतं आणि ती ठिणगी मुख्य दारूला लागते. त्या काळी या मिश्रणात साधारणपणे तीन चिजा असत: मर्क्युरी फल्मिनेट, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड. क्लोरेटचं काम ऑक्सिजन पुरवण्याचं. तो देऊन झाला की मागे उरतं पोटॅशियम क्लोराइड. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाचं सख्खं भावंड. गोळी पुढे जाते, वायू पुढे जातात आणि मिठाची पातळ धूळ नळीच्या भिंतीवर बसते.

काळ्या दारूच्या जमान्यात हे कोणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. सोरा, गंधक आणि कोळशाच्या त्या दारूचा वजनाने निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घन राख बनून उरतो. नळी इतकी बरबटायची की शिपाई मुकाट्याने पाणी ओतून धुवायचा आणि त्या पाण्याबरोबर मीठही निघून जायचं. मग कॉर्डाइट आलं. एबल आणि ड्यूअर या दोघा रसायनज्ञांनी १८८९ साली ते बनवलं: ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन (नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस), ५ टक्के व्हॅसलिन. धूर जवळपास नाही, राख जवळपास नाही, आणि ताकद इतकी की दारू खूपच कमी पुरते. चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँडला गाठलं ते साल १८९७. त्याच साली वेब्लीच्या .४५५ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, इथे इंचांत) काडतुसाची पुंगळी आखूड केली गेली, कारण मूठभर काळ्या दारूसाठी केलेल्या लांब पुंगळीत इवलंसं कॉर्डाइट नीट जळेना.

नळी आता स्वच्छ दिसू लागली, म्हणून पाणी बंद झालं. तेलाची चिंधी फिरवली की झालं. आणि नळ्या गंजू लागल्या. तेल लावूनही गंजू लागल्या! ठपका साहजिकच नव्या दारूवर आला: हिच्यात नायट्रेट आहे, जळताना आम्ल बनत असणार, ते पोलादाच्या छिद्रांत शिरून नंतर पाझरत असणार. त्यावर तऱ्हेतऱ्हेची आम्लनाशक तेलं विकली गेली. खरं कारण पुराव्यानिशी मांडलं ते अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधल्या विल्बर्ट हफ यांनी, १९२२ साली. तेलाच्या थराखाली लोखंड कसं गंजतं याचा हा अभ्यास. निष्कर्ष एवढाच, की दारू निर्दोष आहे आणि गंज येतो तो टोपीतल्या क्लोरेटपासून उरलेल्या मिठामुळे. मीठ तेलात विरघळत नाही. तेल त्याच्यावर फक्त पांघरूण घालतं, आणि ते पांघरूण पाण्याच्या वाफेला अडवण्याइतकं घट्ट नसतं.

आता पुण्याचं हवामान बघा. कोरडं मीठ लोखंडाला फारसं काही करत नाही. पण प्रत्येक क्षाराची एक मर्यादा असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता तिच्या वर गेली की तो क्षार हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्या पाण्यात विरघळतो. साध्या मिठाची मर्यादा ७५ टक्क्यांच्या आसपास, म्हणून जुलैत मिठाची बरणी पाझरते. पोटॅशियम क्लोराइडची मर्यादा ८४ टक्क्यांच्या जवळ. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखालीही असते, आणि जुलै-ऑगस्टच्या सकाळी ती ८४ ओलांडते. म्हणजे मार्चमध्ये बार काढून, तेलाची चिंधी फिरवून ठेवलेलं हत्यार एप्रिल-मेमध्ये केव्हाही काढून पाहा, ठणठणीत दिसेल. त्यानंतर पाऊस लागतो, नळीतलं मीठ ओलं होतं, आणि दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी पेटी उघडावी तर आत तांबूस पूड. मुंबईत हाच प्रकार वर्षभर थोडाथोडा चालतो, त्यामुळे तिथला माणूस सावध तरी राहतो. पुण्याचा कोरडा उन्हाळा माणसाला गाफील ठेवतो, असं माझं मत आहे.

क्लोराइडचा गंज साध्या गंजाहून वाईट. क्लोराइडचे आयन पोलादावरच्या संरक्षक थराला ठिकठिकाणी भोकं पाडतात, आणि गंजण्याच्या प्रक्रियेत ते खर्चही होत नाहीत. लोखंडाशी संयोग पावतात, पाण्यात पुन्हा मोकळे होतात, पुन्हा कामाला लागतात. म्हणून सगळीकडे सारखा तांबूस थर येण्याऐवजी खोल खड्डे पडतात. कर्नलसाहेबांच्या वेब्लीच्या कोपऱ्यांतले ते हेच.

यावर उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा आहे: उकळतं पाणी. ब्रिटिश शिपायाच्या सामानात रायफलीच्या नळीत पाणी ओतण्यासाठी नरसाळं असे. पाणी मीठ विरघळवून नेतं, आणि उकळतं असलं की पोलाद इतकं तापतं की राहिलेला ओलावा आपोआप उडून जातो. त्यानंतर कोरडी चिंधी, आणि तेल सगळ्यात शेवटी. बंदुकीत पाणी ओतायचं म्हटल्यावर आजही अनेकांच्या अंगावर काटा येतो.

क्लोरेटला पर्यायही लवकरच मिळाला होता. जर्मनीत १९२० च्या दशकाच्या अखेरीस लेड स्टिफनेटवर आधारलेल्या, न गंजवणाऱ्या टोप्या बाजारात आल्या. लष्करं मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरही बराच काळ जुन्याच मिश्रणाला चिकटून राहिली. त्यांना पुढची कित्येक वर्षं कोठारात टिकणारं, थंडीत-उन्हात दगा न देणारं काडतूस हवं होतं, आणि क्लोरेटच्या टोपीचा तसा अनुभव गाठीशी होता. नळी काय, शिपाई धुवेल!

काडतूस टिकण्याचा विषय निघाला की हिंदुस्थानातल्या पावसाळ्याची एक हकिगत सांगायलाच हवी. धातुविज्ञानाच्या पुस्तकांत ती आजही असते. इथल्या ब्रिटिश फौजांनी पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांना न वापरताच तडे जात. हंगामी रोगच जणू. उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी केला. पुंगळी बनते ती पितळाची चकती थंड अवस्थेत ओढून-ताणून, आणि तो ताण धातूत अडकून राहतो. तबेल्यात घोड्यांच्या मुतामुळे हवेत अमोनिया, त्यात पावसाळ्याचा ओलावा. अमोनिया पितळाच्या कणांमधल्या सीमांवर हल्ला करतो आणि आतला ताण तिथूनच पुंगळी उसवतो. ताण आणि रसायन यांपैकी एकट्याने हे झालं नसतं. पुंगळी घडवून झाल्यावर बेताने तापवली की ताण निघून जातो, आणि तडे थांबतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. पितळ ओढणं आणि तापवणं ही कला या शहराला मुळीच परकी नाही.

जुनी काडतुसं मात्र झाडण्याच्या लायकीची नसतात. त्यांतलं नायट्रोसेल्युलोज (गनकॉटन हा त्याचाच प्रकार) सावकाश विघटित होतं, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात आणि तीच पुढच्या विघटनाला वेग देतात. म्हणून दारूत ही ऑक्साइडं शोषणारं स्थिरक घालतात. ते संपलं की दारूचा भरवसा संपला. शिवाय परवान्याशिवाय एकही जिवंत काडतूस बाळगणं गुन्हा आहे, मग ते आजोबांच्या ट्रंकेत का सापडेना. सरळ पोलिसांना कळवावं.

नेमबाजीचं काय? अमेरिकेत ५० वर्षांहून जुन्या हत्यारांना संग्राहकांसाठी वेगळी वर्गवारी आहे आणि लोक ती रेंजवर चालवतातही. आपल्याकडे .४५५, .३८, ९ मिलिमीटर ही सगळी लष्करी मापं प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट आहे ती दुरुस्ती करूनही चालू न शकणाऱ्या जुन्या हत्यारांना. त्यामुळे बालेवाडीच्या रेंजवर .२२ आणि .३२ ची आधुनिक क्रीडापिस्तुलं दिसतील, वेब्ली दिसणार नाही. मला यात फार वाईट वाटत नाही. जुनं हत्यार चालवून पाहण्यात जोखीम काय असते, हे अमेरिकेत गेलेल्या वेब्लींवरून कळतं. .४५५ ची काडतुसं मिळेनात म्हणून तिथे सिलिंडरची मागची बाजू तासून त्यात .४५ एसीपी हे अमेरिकी पिस्तुलाचं काडतूस बसवलं गेलं. गोळी जवळपास त्याच जाडीची, पण आतला दाब दीडपटीहून अधिक. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये मुद्दाम जादा दाबाचं काडतूस झाडून वेब्लीची परीक्षा घेतली जाई. तासलेल्या वेब्लीत रोजचं काडतूसच त्या परीक्षेइतका ताण देतं. काही सिलिंडर त्यात फुटलेही.

तसा वेब्लीचा धक्का सोसवणारा. सुमारे १७ ग्रॅमची गोळी सेकंदाला १९० मीटर वेगाने बाहेर पडते. गुणाकार करून १.१ किलोने भागलं तर रिव्हॉल्व्हर सेकंदाला ३ मीटर वेगाने मागे येतं. जर्मन लुगर पिस्तुलाची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटरने जाते. तिचा संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेगाचा गुणाकार, वेब्लीच्या गोळीपेक्षा कमी, पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, म्हणून ती दीडपटीहून जास्त: एकीकडे साधारण ३१० ज्यूल, दुसरीकडे ४९०. मोठी गोळी चांगली की वेगवान, या वादात गेलं शतक गेलं.

लुगरचं नाव निघालंच आहे तर तिच्या रंगाकडे बघा. जुन्या लुगरचा चाप, सेफ्टीची कळ असे छोटे भाग गवतासारखे पिवळसर असतात. हा मुलामा नाही. पोलाद २२० अंशांच्या आसपास तापवलं की ऑक्साइडचा अतिपातळ थर चढतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून काही रंग पुसतो, काही उठवतो. ओल्या रस्त्यावरच्या तेलाच्या तवंगात दिसतात ते रंग याच कारणाने. ३०० अंशांपर्यंत तापवलं तर थर जाड होऊन निळा होतो. हा थर इतका पातळ, की ब्रासोचा एक हात फिरवला की गेला, आणि त्याबरोबर कारखान्यात तो भाग कसा तापवला होता याचा पुरावाही गेला. चकाकणारी लुगर दिसली की जाणकार नाक मुरडतात ते यामुळे.

ठेवायचं कसं, तर चामड्याच्या होल्स्टरमध्ये अजिबात नाही, कितीही शोभलं तरी. चामडं ओलावा धरून ठेवतं, कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात उरलेले असतात, आणि पितळी रिव्हेटांवर हिरवा चोथा धरतो. होल्स्टर वेगळं, हत्यार वेगळं. मेअखेर एकदा सगळं पुसून बारीक तेलाचा हात, घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक स्वस्तातला आर्द्रतामापक. काटा ५० च्या वर सरकू लागला की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर तापवून पुन्हा वापरायचं. मात्र रंग बदलणारं निळं जेल असेल तर त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालू नका.