बार्सिलोनात तीन दिवस : युरोप दौऱ्यावरच्या जोडप्यांसाठी माहितीपत्रक

पॅरिस किंवा रोमहून बार्सिलोनाला येणारी बहुतेक जोडपी इथे तीन रात्री ठेवतात. शहर बघायला तेवढ्या पुरतात, पण एका अटीवर : सग्रादा फामिलिया हे चर्च आणि पार्क ग्वेल ही बाग, या दोन ठिकाणांची वेळ आधी ठरवायची आणि बाकी सगळं त्यांच्या अवतीभवती बसवायचं. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांना सग्रादा फामिलिया बाहेरूनच पाहून परतावं लागतं. तिथली तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात आणि मोसमात चांगल्या वेळा कित्येक दिवस आधीच संपतात.

सग्रादा फामिलिया : वेळ कोणती घ्यावी

चर्चची पायाभरणी १९ मार्च १८८२ ला झाली. पुढच्याच वर्षी काम वास्तुकार आंतोनी गाउदीकडे आलं आणि १९२६ मध्ये ट्रामच्या धडकेने त्याचा मृत्यू होईपर्यंत ते त्याच्याकडेच राहिलं. त्याची समाधी याच चर्चच्या तळघरात आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये या चर्चने जर्मनीतल्या उल्मच्या, तोवर जगात सगळ्यात उंच असलेल्या चर्चला उंचीत मागे टाकलं. मधल्या येशूच्या मनोऱ्याची आराखड्यातली उंची १७२.५ मीटर, म्हणजे शहरातल्याच मोंजुइक टेकडीपेक्षा किंचित कमी. माणसाने बांधलेलं काही निसर्गापेक्षा उंच असू नये, असा गाउदीचा आग्रह होता.

आत गेल्यावर खरं बघायचं ते ऊन. पूर्वेकडच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत, पश्चिमेकडच्या लाल-केशरी. सकाळी आतला प्रकाश थंड आणि निळसर असतो, तर दुपार कलली की खांबांवर केशरी रंग चढतो. भर दुपारी बारा-एकला ऊन डोक्यावर असतं, तेव्हा दोन्ही बाजू फिक्या दिसतात आणि नेमकी त्याच वेळी गर्दीही जास्त असते. म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळी पाच-साडेपाचची वेळ घ्यावी, हिवाळ्यात अडीच-तीनची. डिसेंबरमध्ये साडेपाचच्या आत सूर्य मावळतो आणि चर्चही सहाला बंद होतं. आत दीड ते दोन तास लागतात.

तिकीट काढताना मनोऱ्यावर जायचं की नाही, हे तेव्हाच ठरवावं लागतं. वर लिफ्टने जातात, पण उतरायला अरुंद गोल जिना आहे. पायऱ्या शेकड्यांनी मोजाव्या लागतात आणि काही ठिकाणी बाजूला मधली पोकळी दिसते. गुडघे दुखत असतील किंवा उंचीवर गरगरत असेल तर ते जास्तीचे पैसे वाचवावेत, चर्चचा आतला भाग त्याहून मोलाचा आहे. जोरदार वारा किंवा पाऊस असला तर मनोरे बंद ठेवतात. पाठीवरची सॅक वर नेता येत नाही, ती खाली लॉकरमध्ये ठेवावी लागते.

हे चालू चर्च आहे. उघडे खांदे, पारदर्शक कपडे किंवा फार आखूड चड्डी असेल तर दारावर अडवतात. पर्समध्ये एक ओढणी ठेवली की काम भागतं.

पार्क ग्वेल

उद्योगपती एउसेबी ग्वेलने इथे ६० भूखंडांची उच्चभ्रू वसाहत काढली होती. ती चालली नाही, घरं बांधली गेली दोनच, आणि १९२६ मध्ये जागा सार्वजनिक बाग झाली. वरच्या चौकातल्या नागमोडी बाकाचे फोटो सगळेच काढतात. त्याखालचा ८६ खांबांचा मंडप मात्र घाईत पाहून सोडतात. चौकावर पडलेलं पावसाचं पाणी गाळून या खांबांच्या पोटातून खाली १,२०० घनमीटरच्या टाकीत उतरतं. हे माहीत असलं की मंडपात दहा मिनिटं जास्त थांबावंसं वाटतं.

तिकिटावर जी वेळ असते, तिच्यापासून अर्ध्या तासात आत शिरावं लागतं. उशिराचं सगळ्यात मोठं कारण चढ. मेट्रोच्या L3 मार्गावरच्या लेसेप्स स्टेशनवरून वीसेक मिनिटं चालायचं आहे आणि शेवटचा भाग चांगलाच दमवतो. वायकार्का स्टेशनच्या बाजूने रस्त्यावर सरकते जिने आहेत, पण त्यातला एखादा बंद असू शकतो. सकाळची पहिली वेळ घ्यावी. बागेत सावली कमी आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये अकरानंतर दगड तापतो.

ही दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी छान जमतात. सकाळी पार्क, मग उतारावरून लेसेप्सला येऊन हिरव्या L3 ने दोन स्टेशनं दियागोनाल, तिथे गाडी बदलून निळ्या L5 ने दोन स्टेशनं सग्रादा फामिलिया. मधल्या वेळात निवांत जेवण. त्या दिवशी तिसरं तिकीट घालू नका.

विमानतळ, मेट्रो आणि दोघांचं तिकीट

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. ‘टी-काज्युआल’ या तिकिटावर दहा प्रवास होतात, किंमत तेरा युरोच्या आसपास. पण ते एकाच माणसाचं आहे. दोघांनी एकाच तिकिटावर आळीपाळीने गेट उघडलं आणि तपासनीस भेटला तर दंड होतो. दोघांनी मिळून वापरायचं तिकीट वेगळं आहे, ‘टी-फामिलियार’ : आठ प्रवास, म्हणजे माणशी चार. तीन दिवसांत दोघांची दहापेक्षा जास्त गेट उघडणार असतील तर दोन टी-काज्युआल घ्यावीत. बरंच चालणार असाल तर एक टी-फामिलियार पुरतं. पहिल्या गेटपासून ७५ मिनिटांत मेट्रोतून बस किंवा बसमधून ट्राम बदलली तर तो एकच प्रवास धरतात.

विमानतळाच्या मेट्रोवर, म्हणजे L9 वर, ही दोन्ही तिकिटं चालत नाहीत. तिथे वेगळं विमानतळ-तिकीट लागतं. टर्मिनल २ वरून सुटणाऱ्या लोकल गाडीवर मात्र, म्हणजे R2 नोर्दवर, टी-काज्युआल चालतं. तिच्यापेक्षा सरळ म्हणजे ‘आएरोबुस’ : टर्मिनल १ हून A1, टर्मिनल २ हून A2, दोन्ही प्लासा काटालुन्याला येतात, साधारण ३५ मिनिटं. सामान जड असेल तर आमचं मत बसच्या बाजूने आहे, कारण L9 शहराच्या मध्यात येतच नाही आणि बॅगा घेऊन पुन्हा गाडी बदलावी लागते.

पॅरिसहून थेट टीजीव्ही या वेगवान गाडीने आलात तर पावणेसात तासांच्या आसपास लागतात आणि गाडी सांट्स स्टेशनला येते. परतीला सांट्सवरून वेगवान गाडी धरायची असेल तर विमानतळासारखी सामानाची तपासणी असते, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवावा.

मेट्रो रविवार ते गुरुवार रात्री बारापर्यंत असते, शुक्रवारी दोनपर्यंत, शनिवारी रात्रभर.

वार पाहून आखणी

रविवारी दुकानं आणि बहुतेक सुपरमार्केटं बंद असतात, ला रांब्ला रस्त्यावरचा बोकेरिया बाजारही बंद. सोमवारी पिकासो संग्रहालय आणि मोंजुइकवरचं काटालोनियाचं राष्ट्रीय कलासंग्रहालय बंद असतं. तेव्हा रविवारी गाउदी आणि सोमवारी जुनं शहर किंवा मोंत्सेरात (शहराबाहेरचा मठाचा डोंगर), असं बसवलं की काही चुकत नाही. २३ एप्रिलला सांत जोर्दीच्या दिवशी रस्तोरस्ती गुलाब आणि पुस्तकांचे स्टॉल लागतात. तारीख जमत असेल तर ती मुद्दाम साधावी.

पायी फिरताना

जुन्या शहरासाठी, म्हणजे गोथिक वस्ती आणि एल बोर्नसाठी, अर्धा दिवस आणि बूट चांगले हवेत. कॅथेड्रलच्या आतल्या अंगणात सांता एउलालिया या शहराच्या संत मुलीच्या नावाने १३ पांढरे हंस पाळले आहेत. जवळच पारादीस गल्लीत एका इमारतीच्या चौकात रोमन देवळाचे चार उंच खांब उभे आहेत. पाहायला पैसे लागत नाहीत आणि फलक लहान असल्याने लोक समोरून निघून जातात. बिस्बे गल्लीवरचा नक्षीदार पूल मध्ययुगीन वाटतो, पण तो १९२८ चा आहे. एल बोर्नमधलं सांता मारिया देल मार मात्र अस्सल जुनं. १३२९ मध्ये सुरू होऊन जेमतेम ५५ वर्षांत पुरं झालं, त्यामुळे आतून एकसंध दिसतं. एकच जुनं चर्च बघायचं तर आम्ही हेच सुचवू.

आयशाम्पला हा चौकोनी आखणीचा भाग नकाशात सोपा दिसतो, पायी लांब पडतो. हा भाग आखणाऱ्या इल्देफोन्स सेर्दाच्या आराखड्यात प्रत्येक इमारत-चौकाचे कोपरे तिरके कापले आहेत, आणि रस्ता ओलांडायचे पट्टे त्या कापलेल्या कोपऱ्यांच्या आत आहेत. दर नाक्यावर आत वळून, ओलांडून पुन्हा बाहेर यावं लागतं. नकाशाने सांगितलेल्या वेळेत चौथाई वेळ वाढवून धरा. इथले लोक दिशा सांगताना ‘समुद्राकडे’ आणि ‘डोंगराकडे’ म्हणतात. उतार समुद्राकडे, एवढं लक्षात ठेवलं की चुकलेला रस्ता सापडतो.

पास्सेच दे ग्रासियावरच्या गाउदीच्या दोन घरांपैकी आतून एकच बघावं, दोन्हींची तिकिटं महाग आहेत. रंग आणि अंतर्भाग आवडत असेल तर कासा बाय्यो. बांधकाम कसं उभं राहिलं याची उत्सुकता असेल तर कासा मिला : तिच्या माळ्यावर विटांच्या २७० कमानी आहेत आणि गच्चीवर वळणदार धुरांडी.

सूर्यास्तासाठी कार्मेलच्या जुन्या तोफखान्याची जागा अनेकजण सुचवतात. आता तिथलं कुंपण संध्याकाळी बंद होतं, उन्हाळ्यात तर सूर्य मावळायच्या बराच आधी. टॅक्सी करून तिथवर जाऊन परतायची वेळ येऊ देऊ नका.

मोंत्सेरात

तिसरा दिवस शहराबाहेर घालवायचा असेल तर हा दातेरी डोंगर आणि त्यावरचा मठ. प्लासा एस्पान्याहून R5 गाडी, तासाभराचा प्रवास. वर जायला दोन सोयी आहेत : आएरी स्टेशनवर उतरून रोपवे, किंवा पुढच्या मोनिस्त्रोल स्टेशनवर उतरून दातेरी रुळांची गाडी. तिकीट काढतानाच एक निवडावी लागते, एकाचं तिकीट दुसऱ्याला चालत नाही. परतीची गाडी आधी मोनिस्त्रोलला थांबते आणि तिथेच भरते, आएरीला बसायला जागा मिळेलच असं नाही. म्हणून दातेरी गाडी बरी.

जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

दुपारचं जेवण दीड ते साडेतीन, रात्रीचं साडेआठनंतर. सात वाजता उघडं असलेलं हॉटेल बहुधा फक्त पर्यटकांसाठीच चालतं. सोमवार ते शुक्रवार दुपारी ‘मेनू देल दिया’ मागावा : दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी एकाच किमतीत.

नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर मासे आणि हॅम त्यात धरत नाहीत. पुरुषाने ‘सोय वेहेतारियानो’, स्त्रीने ‘सोय वेहेतारियाना’ म्हणावं आणि पुढे ‘सिन हामोन, सिन पेस्कादो’ जोडावं. अंडं चालत नसेल तर ‘सिन उएवो’ वेगळं सांगावं. मिक्स सॅलडमध्ये ट्युना आणि अंडं असतं, क्रोकेतांत (तळलेल्या कटलेटांत) बहुधा हॅम असतं, पालकाच्या भाजीतही कधी हॅम टाकतात. भरवशाचे पदार्थ : टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल चोळलेला पाव, पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या (क्वचित एखादी तिखट निघते) आणि भाजलेल्या वांगी-मिरच्यांची एस्कालिवादा, तीही मासा नाही ना विचारून. अंडं खाणाऱ्यांना बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट. भाज्यांची पाएया, म्हणजे रश्शात शिजवलेला भात, बऱ्याच ठिकाणी किमान दोघांसाठीच करतात, तेव्हा जोडप्याची सोयच होते. फक्त रस्सा माशाचा नाही ना, एवढं विचारा. रांब्लावरच्या रंगीत फोटोफलकांची पाएया मात्र सहसा तयार गोठवलेली असते.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली मागावी. घरून खाकरा, चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणावी. तूप, पेढे, पनीर आणि आंबे आणू नयेत : युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानात आणायला बंदी आहे, आणि ताज्या फळांना प्रमाणपत्र लागतं.

पाकीटमार

या शहरात मारहाण करून लुटण्यापेक्षा हातचलाखी फार. जागा ठरलेल्या : L3 ची गाडी, खासकरून लिसेउ आणि काटालुन्या स्टेशनं, रांब्ला, सांट्स, आणि समुद्रकिनारा. गाडीचं दार बंद होताना दोघंतिघं दारात अडखळतात, तेवढ्यात खिसा हलका होतो. कपड्यांवर काहीतरी सांडवून ‘पुसून देतो’ म्हणणारा भेटला तर थांबू नका, चालत राहा. फोन टेबलावर आणि पर्स खुर्चीच्या पाठीला, हे दोन्ही नको.

आपल्याकडे दोघांचे पासपोर्ट, कार्ड, रोख सगळं एकाच्याच पाउचमध्ये ठेवायची सवय असते. इथे ती मोडा. प्रत्येकाकडे आपलं एक कार्ड आणि थोडे युरो, पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत, त्यांच्या प्रती एकमेकांच्या फोनमध्ये. सोन्याचं मंगळसूत्र घरी ठेवावं किंवा कपड्याच्या आत. चोरी झालीच तर पोलिसांत तक्रार, म्हणजे ‘देनुन्सिया’, लगेच नोंदवून तिची प्रत घ्या. विमा कंपनी आणि भारतीय दूतावास दोघंही तीच मागतात. आपत्कालीन क्रमांक ११२.

किरकोळ, पण विचारलं जाणारं

पर्यटक कर माणशी, रात्रीमागे, हॉटेलातच भरायचा असतो. ऑनलाइन दाखवलेल्या भाड्यात तो बहुधा नसतो. कार्डाच्या यंत्रावर ‘रुपये की युरो’ विचारलं तर युरो निवडा, रुपयांचा दर वाईट असतो. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, चव आवडेलच असं नाही. प्लगला दोन गोल पिनांचा युरोपीय अडॅप्टर लागतो. आपल्या बारीक पिना आत जातात, पण सैल बसतात आणि चार्जर रात्रीतून गळून पडतो. घरी फोन करताना उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार तास मिळवा. तिथे रात्री नऊला जेवायला बसलात तर पुण्यात मध्यरात्र उलटून गेलेली असते.