'फेअरट्रेड' म्हणजे फवारणीमुक्त? नाही!
घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय: 'फेअरट्रेड' शिक्क्याची कॉफी म्हणजे सेंद्रियच. तसं नाही. हा शिक्का मुख्यतः शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावाचा. ऑगस्ट २०२३ पासून वॉश्ड अरेबिकाला (पाण्याने धुऊन तयार केलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीला) पौंडामागे किमान १.८० डॉलर, बाजार चढला तर बाजारभाव. वर २० सेंट प्रीमियम, तो शेतकऱ्यांच्या संस्थेला मिळतो आणि कशावर खर्चायचा ते सभासद ठरवतात. माल सेंद्रिय असेल तर आणखी ४० सेंट. सगळाच सेंद्रिय असता, तर हे वेगळे ४० कशाला? घातक कीटकनाशकांवर बंदी आहे, पण सगळ्या फवारणीवर नाही. सेंद्रिय हवं तर पाकिटावर सेंद्रिय प्रमाणपत्राचं सरकारी चिन्ह बघा. सावलीतली कॉफी हा तर तिसराच मुद्दा: कर्नाटकातल्या कोडगूत (कूर्ग) ती मिरीचे वेल चढलेल्या झाडांखाली वाढते, शिक्का असो वा नसो.