काळ्या मातीवरचा कोबा: मराठवाड्यात इपॉक्सी आणि क्वार्ट्झ कसं पोचलं

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कारखान्यात दुसऱ्या पावसाळ्यानंतर इपॉक्सीच्या, म्हणजे दोन द्रवं मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनच्या, फ्लोअरिंगवर फोड आले. काही रुपयाएवढे, काही पुरीएवढे. एक फोड मी स्क्रूड्रायव्हरने फोडला तर आतून पिवळसर, चिकट पाणी आलं. माल चांगला होता, लावणारे हात जुने होते, मिश्रणाचं प्रमाणही बरोबर होतं. चूक होती ती खाली. कोबा, म्हणजे काँक्रीटची जमीन, ओतताना त्याच्याखाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला नव्हता, आणि कोब्याखाली होती आपली काळी माती. तेव्हापासून कुणी इपॉक्सीबद्दल विचारलं की मी डब्यापासून सुरुवात करत नाही, मातीपासून करतो.

मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर वसलेला आहे. तो खडक झिजून झालेली माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून तडकते. एप्रिलमध्ये रानात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. पिकाला ही माती धार्जिणी आहे, घराला नाही. आपल्याकडे शेतीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. घर बांधायचं ते पांढरीवर. नाइलाजाने काळीवर बांधायची वेळ आली तर ती खणून काढायची, खड्ड्यात मुरूम भरायचा, पाणी मारून धुम्मसने चोपायचा. आजही कुठल्याही चांगल्या फ्लोअरिंगची सुरुवात इथूनच होते. धुम्मसच्या जागी रोलर आला, एवढाच फरक.

त्या मुरमावर मातीचा थर आणि वर शेणाचं सारवण. आठवड्याला, निदान सणावाराला बायका पोतेरं घेऊन बसायच्या आणि घर सारवून काढायच्या. ही जमीन झिजायची, उखडायची, पण तिला फोड कधी आले नाहीत. खालून चढणारी ओल सारवणातून वर यायची आणि हवेत उडून जायची. पक्क्या फ्लोअरिंगने झिजणं थांबवलं, पण त्याच वेळी ओलीची वाटही बंद केली. पुढच्या जवळपास सगळ्या अडचणी या एका गोष्टीतून निघाल्या, असं माझं मत आहे.

बांधून ठेवणारं एक द्रव्य आणि त्यात घातलेली भर, ही जोडी आपल्याला नवी नाही. वेरूळच्या लेण्यांमधल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आलं. वाड्यांसाठी चुना घाण्यात मळायचे, त्यात वाळू आणि कुठे गूळ, कुठे बेलफळ, कुठे हिरड्याचं पाणी घालायचे. एकटी माती तडकते, एकटा चुनाही तडकतो. भर घातली की तडा अडतो.

मग आली शहाबादी. शहाबाद आज कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे, पण तेव्हा तेही आपल्यासारखंच निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथला चुनखडीचा दगड थराथरांनी सुटतो, त्यामुळे फार न तासता लादी मिळते. ओसरी, ओटा, शाळेचा व्हरांडा, मोंढ्यातली आडत दुकानं, सगळीकडे तीच. उन्हाळ्यात पायाला गार आणि पोती आपटली तरी न फुटणारी. पण चुनखडीला आंबट सोसत नाही. ताक, चिंच, लिंबू सांडलं की डाग कायमचा. शिवाय लाद्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, पोकळ होतात, मुंग्या माती वर काढतात.

सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ आस्पडिनने 1824 साली घेतलं. भारतात पोरबंदरच्या कारखान्यातून 1914 मध्ये सिमेंट बाहेर पडू लागलं आणि पुढे शहाबादलाही सिमेंटचा कारखाना उभा राहिला. तरी मराठवाड्यातल्या खेड्यांत सिमेंट फार उशिरा शिरलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं, म्हणजे मातीची छतं, झोपलेल्या माणसांवर कोसळली. नंतर जी गावं नव्याने वसवली ती सिमेंट-काँक्रीटची होती. माळवदावरचा लोकांचा विश्वास त्या एका पहाटेत गेला आणि लातूर-उस्मानाबादच्या घराघरांत कोबा आला.

कोबा म्हणजे खडी, वाळू, सिमेंट ओतून वर घोटाई केलेली जमीन. तो मजबूत होतो पाण्याने. गरम आणि कोरड्या हवेत काँक्रीटवर किमान 10 दिवस, आणि राख मिसळलेलं सिमेंट असेल तर 14 दिवस पाणी मारावं, असं भारतीय मानक आयएस 456 सांगतं. आता हे मराठवाड्यात, मार्च ते मे महिन्यांत करून बघा. 2016 मध्ये लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं. जिथे घागरीसाठी रांग लागते तिथे कोब्यावर टँकर कोण रिकामा करणार? दोन दिवस गोणपाट भिजवतात, तिसऱ्या दिवशी ते वाळून उडून जातं. वरचा थर पाण्यावाचून कच्चा राहतो, केरसुणी फिरवली की पीठ निघतं. आपल्याकडच्या कित्येक गोदामांत ही ‘पावडर सोडणारी’ जमीन आहे. अशा कोब्यावर लावलेलं कोटिंग पापुद्र्यासारखं सुटतं. सुटलेला तुकडा उलटा करून पाहावा. मागे सिमेंटचा थर चिकटलेला असेल, तर इपॉक्सीने आपलं काम केलेलं आहे. सोडलं ते कोब्याने.

इपॉक्सीचा जन्म या सगळ्यापासून फार दूर झाला. जर्मनीत पॉल श्लाक यांनी 1934 मध्ये या जातीच्या रेझिनचं पेटंट मागितलं. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान कृत्रिम दातांसाठी न आकसणारं द्रव्य शोधत होते. दोन द्रवं एकत्र केली की ती घट्ट होतात आणि घट्ट होताना फारशी आकसत नाहीत, हा गुण त्यांना सापडला. दातांसाठी त्याचा धंदा झाला नाही. पेटंट सीबा या बाझेलच्या कंपनीकडे गेलं आणि 1946 मध्ये ‘अ‍ॅरल्डाइट’ बाजारात आलं. त्याच दशकात अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी रंगांसाठी लागणारी रेझिन्स तयार केली. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात दोन ट्यूबचा जो डबा मिळतो, एक रेझिनची आणि एक हार्डनरची, त्याचं मूळ हे. पंपाचा तुटलेला भाग त्याने जोडलेल्या माणसाला इपॉक्सी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

काँक्रीटशी त्याचं नातं जुळलं ते रस्त्यावर. 1953-54 च्या सुमारास अमेरिकेत महामार्गांवर इपॉक्सीचे थर देऊन पाहिले गेले, आणि कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या उंच खुणा चिकटवायला ते वापरलं गेलं. नुसतं रेझिन गुळगुळीत, त्यावरून चाक घसरतं. म्हणून ओल्या थरावर कठीण, खरखरीत वाळू पेरायची पद्धत रूढ झाली. क्वार्ट्झ फ्लोअरिंगचं, म्हणजे रेझिनवर क्वार्ट्झची वाळू पेरलेल्या जमिनीचं, मूळ तिथे आहे.

मराठवाड्यात हे तंत्र कारखान्यांबरोबर आलं. एमआयडीसीची स्थापना 1962 मध्ये झाली, चिकलठाण्याला वसाहत झाली, पुढे वाळूजला 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्यामागे सुटे भाग बनवणारे शेकडो कारखानदार आले. तेल, कूलंट, लोखंडाचा कीस आणि लोखंडी चाकांच्या ट्रॉल्या यांच्यापुढे साधा कोबा टिकेना. औषध कारखान्यांना तर पर्यायच नव्हता. औषध उत्पादनाच्या नियमांतलं शेड्यूल एम सांगतं की जमीन गुळगुळीत हवी, तिला तडे आणि उघडे सांधे नकोत. शहाबादीच्या दर्जा तिथे बसतच नाहीत. इपॉक्सीचे थर कसे द्यावेत यासाठी आयएस 4631 हे मानक होतं, त्याची सुधारित आवृत्ती 1986 ची. कागदावर सगळं होतं. पण त्या मानकाला किल्लारीची माती किंवा परभणीची हवा माहीत नव्हती, ती आपल्याच मिस्त्र्यांनी चुकत-माकत शिकून घेतली.

हवा म्हणजे किती? परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर, आणि परभणीतच थंडीच्या एखाद्या लाटेत 5 अंशांच्या खाली. इपॉक्सी तापमान 10 अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट वेगाने घट्ट होतं. मे महिन्यात दुपारी बादलीत कालवलेलं मिश्रण हातातच तापतं, धुरावतं आणि बादलीसकट दगड होतं. म्हणून जाणती टोळी पहाटे काम करते. मिश्रण लगेच जमिनीवर ओतून पसरते, बादलीत ठेवत नाही. उलट थंडीत, दव पडतं तेव्हा, थरावर तेलकट पांढरट साय येते आणि वरचा थर तिच्यावर धरत नाही. जमीन दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश गरम असावी, हा नियम जगभर पाळतात. आमच्याकडे डिसेंबरमध्ये तो पाळणं म्हणजे सकाळचे नऊ-दहा वाजेपर्यंत थांबणं.

क्वार्ट्झची बाजू मला जास्त जवळची वाटते, कारण क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. बेसाल्टमध्ये सहसा मोकळं क्वार्ट्झ नसतं. पण लाव्हा थंड होताना जे पोकळ बुडबुडे राहिले त्यांत नंतर खनिजयुक्त पाणी मुरलं आणि स्फटिक वाढले. अजिंठ्याच्या डोंगरापासून जालन्यापर्यंत विहिरी आणि खाणी खोदताना ते निघतात. रानात नांगर लागला की पांढरी गारगोटी वर येते. चकमक झाडून विस्तव पेटवायचे ती हीच. चाकूच्या पात्याने तिच्यावर ओरखडा उठत नाही, उलट तीच पात्यावर ओरखडा काढते. फ्लोअरिंगला वापरतात ती मात्र चाळून, वाळवून, रंग चढवून पोत्यांतून येणारी वाळू.

लातूरच्या एका डाळ मिलमध्ये हे काम मी जवळून पाहिलं. आधी ग्राइंडरने कोब्याची कच्ची साय काढली, भेगा भरल्या, प्रायमर, म्हणजे पहिला पातळ लेप, दिला. मग रेझिनचा थर ओतला आणि तळाला खिळे असलेले बूट घालून दोन मुलं त्या ओल्या थरावर चालू लागली. कडेवर टोपलं, त्यातून मूठ भरून वाळू वर उडवायची, खाली मारायची नाही. पावसासारखी पडली पाहिजे, नाहीतर रेझिनमध्ये खड्डा पडतो. ओलं काही दिसेनासं होईपर्यंत पेरत राहिले. मुकादम म्हणाला, “हात राखू नगंस, जिथं चमकतंय तिथं कमी हाय.” दुसऱ्या दिवशी न चिकटलेली वाळू झाडून गोळा केली, पुन्हा एक थर, पुन्हा पेरणी, वर पारदर्शक लेप. सगळं मिळून साधारण 3 मिलिमीटर.

ही वाळू फक्त पाय घसरू नये म्हणून नसते. नुसतं इपॉक्सी तापलं की काँक्रीटच्या चार-पाच पट जास्त प्रसरण पावतं. दिवसा पत्र्याचं शेड भट्टीसारखं, रात्री गार, अशा ठिकाणी दोघांची ओढाताण रोज चालते. थरात गारगोटी ठासून भरली की तो काँक्रीटच्या चालीने चालायला लागतो. वेरूळच्या गिलाव्यातले तंतूही भेगांशीच भांडत होते.

तरीही उघड्यावर इपॉक्सी लावू नये, असं मी स्पष्ट सांगतो. उन्हाने ते पिवळं पडतं, खडूसारखं भुरभुरतं. साध्या हवेत घट्ट होणारी बहुतेक इपॉक्सी 50-60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे उन्हातला कोबा सहज तेवढा तापतो. मग तापलेलं टायर थर उचलून नेतं. उतरणीवर, लोडिंगच्या ओट्यावर वरचा लेप पॉलियुरेथेन किंवा पॉलिअ‍ॅस्पार्टिक या वेगळ्या जातीच्या रेझिनचा हवा. डेअरीत, जिथे उकळतं पाणी आणि दह्याचं आंबट दोन्ही सांडतं, तिथे सिमेंट मिसळलेलं पॉलियुरेथेन घालावं.

आणि एक गोष्ट मनापासून मांडायची आहे. ग्राइंडर चालवणाऱ्या मुलांच्या नाकाला बहुतेक वेळा फक्त रुमाल असतो. कोब्याची आणि क्वार्ट्झची बारीक धूळ फुप्फुसात साठते, तिने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. धूळ ओढणारं मशीन आणि नीट बसणारा मास्क यांचा खर्च ठेकेदाराने दरात धरलाच पाहिजे, आणि मालकानेही तो विचारून घ्यावा.

त्या डाळ मिलमध्ये काम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मुकादमाने कोब्यावर दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेप लावून चिकटवला होता. सकाळी उचलला तर एका कोपऱ्यात, हौदाच्या बाजूला, खालच्या बाजूने थेंब जमलेले होते. बाकी कोरडं. त्याने खडूने तेवढा भाग आखला, हौदाची गळती आधी काढायला सांगितली आणि रेझिनचे ड्रम पंधरा दिवस तसेच बंद ठेवले.