धुरावलेल्या मांसाचा मूळ हंगाम

कोळशाच्या ग्रिलवर धुरात मांस शिजवणं हा उन्हाळ्यातला उद्योग, असं आज बहुतेक जण धरून चालतात. इतिहास मात्र नेमका उलटा आहे. मांसाला धुरी देण्याचा मूळ हंगाम थंडीचाच होता, आणि धुरीही चवीसाठी नव्हे, बेगमीसाठी दिली जाई.

युरोपात हिवाळ्याच्या तोंडावर, 11 नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणाच्या सुमारास, डुकरं कापली जात. पुढे चाऱ्याची चणचण असे आणि रानातली ओकची फळं खाऊन जनावरं तेव्हा चांगली पोसलेली असत. पण खरी मदत हवेची होती. मीठ हाडापर्यंत मुरायला दिवस लागतात, मोठ्या मांडीला तर आठवडे. तोवर मांस नासू नये एवढा गारवा हवा, पण ते गोठायलाही नको, कारण गोठलेल्या मांसात मीठ शिरत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडचे शेतकरी म्हणूनच पहिल्या कडक थंडीची वाट पाहत. मिठात मुरलेलं मांस मग धुराच्या कोठीत टांगलं जाई. तिथे आच नावापुरतीच असे, कारण मांस शिजवायचं नव्हतं, सुकवून टिकवायचं होतं. धुरातली फिनॉलसारखी रसायनं जंतूंना अटकाव करत आणि चरबी खवट होऊ देत नसत.

1880च्या दशकात बर्फाने गार ठेवलेल्या रेल्वेच्या डब्यांतून ताजं मांस दूरवर जाऊ लागलं. पुढे घरोघरी फ्रिज आले आणि धुराची गरज संपली. चव मात्र लोकांनी सोडली नाही. मध्य टेक्सासमधल्या जर्मन आणि चेक खाटकांच्या दुकानांत हा धूर टिकून राहिला, फक्त तिथे तो मांस शिजवू लागला.

घरच्या अंगणात हे सगळं यायला आधी स्वस्त कोळसा लागला. दाबून केलेल्या कोळशाच्या वड्यांचं, म्हणजे ब्रिकेटचं, पेटंट एल्सवर्थ झ्वॉयर यांनी 1897 मध्ये घेतलं. त्या वड्या घराघरांत पोचल्या त्या हेन्री फोर्ड यांच्यामुळे. मोटारींच्या लाकडी भागांमधून उरलेल्या तुकड्यांचा आणि भुशाचा कोळसा त्यांनी 1920च्या दशकात मिशिगनमध्ये पाडायला घेतला, आणि तो फोर्डच्या मोटारी विकणाऱ्यांकडेच विकला जाई.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन अंगणातलं ग्रिल म्हणजे पायांवर ठेवलेली उघडी, उथळ शेगडी. वारा सुटला की राख मांसावर, पाऊस आला की निखारे थंड. या पदार्थाला उन्हाळ्याचा शिक्का बसला तो याच शेगडीमुळे, असं मला ठामपणे वाटतं. तो पुसण्याची सुरुवात 1952 मध्ये शिकागोत झाली. वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये तयार होत. तिथे काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी तसल्या गोळ्याचे दोन अर्ध केले. खालच्यात कोळसा, वरचा झाकण. झाकल्यावर विस्तव विझू लागला, तेव्हा भोकं पाडावी लागली. मांस धुरात शिजवण्याची सगळी किल्ली या भोकांत, म्हणजे झरोक्यांत आहे. हवा किती आत सोडायची हे हातात आलं की आच हातात येते, बाहेरचं हवामान काहीही असो.

थंडीत हिशेब बदलतो तो असा. झाकणाखाली 110 अंश सेल्सियस ठेवायचे आहेत. बाहेर 20 अंश असतील तर फरक 90चा, उणे 10 असतील तर 120चा. म्हणजे पातळ पत्र्यातून साधारण तिसऱ्या हिश्शाने जास्त उष्णता निसटणार आणि तेवढा कोळसा जास्त जाणार. वारा याहून वाईट, कारण पत्र्यालगतची गरम हवा तो सतत पळवून नेतो. जास्तीच्या कोळशासाठी किटलीच्या, म्हणजे स्टीफन यांच्यासारख्या गोल झाकणाच्या ग्रिलच्या, कडेने ब्रिकेटची माळ लावायची जुनी युक्ती उपयोगी पडते. खाली दोन, वर एक किंवा दोन अशा ओळी अर्धवर्तुळात रचून एकच टोक पेटवलं की विस्तव वातीसारखा पुढे सरकतो. कडक थंडीत वरची दुसरी ओळ हवीच. मध्येच झाकण उघडलं की साठवलेली ऊब क्षणात जाते, म्हणून पाहणं थर्मामीटरवर सोडावं. धूर दाट पांढरा असेल तर मांस कडवट होतं. पातळ निळसर दिसला की धुरासाठी कोळशावर ठेवलेलं लाकूड नीट जळतंय.

कापलेल्या मांसाच्या कडेला दिसणारी गुलाबी पट्टीही या धुराचीच. जळणातून निघणारे नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिन या लाल रंगद्रव्याला चिकटतात, आणि एरवी शिजताना तपकिरी होणारा रंग टिकून राहतो. मांस ग्रिलवर गार चढवलं तर ही पट्टी जास्त खोल उमटते, कारण साधारण 60 अंशांपुढे ती वाढत नाही. हाच कार्बन मोनॉक्साइड माणसाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनलाही घट्ट धरतो. त्याला ना वास, ना रंग. थंडीला कंटाळून पेटलेलं ग्रिल गॅरेजमध्ये किंवा बंद व्हरांड्यात घेण्याने माणसं दगावली आहेत, आणि दार अर्धवट उघडं ठेवल्याने तो धोका टळत नाही. ग्रिल उघड्यावर, घरापासून लांबच ठेवायचं आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा करायचा.