बालपणीची धास्ती आणि रक्तातला दाह

"रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, तुमच्या मनाचेच हे खेळ आहेत," असे आपल्याकडे सर्रास ऐकवले जाते आणि मन व शरीर यांचा काही संबंधच नसल्याचे त्यात गृहीत धरलेले असते. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात पन्नासहून अधिक वर्षे चाललेल्या अभ्यासाने ही समजूत खोटी ठरवली आहे. १९७२-७३ मध्ये तेथे जन्मलेल्या १,०३७ मुलांच्या शरीराची, स्वभावाची आणि घरातल्या वातावरणाची नोंद वयाच्या तिसऱ्या वर्षापासून ठरावीक अंतराने होत आली आहे. परदेशी गेलेल्यांनाही तपासणीसाठी विमानाने परत आणले जाते, त्यामुळे पंचेचाळिसाव्या वर्षी हयात असलेल्यांपैकी तब्बल ९४ टक्के लोक हजर होते. मोठेपणी आठवून सांगितलेल्या बालपणात विस्मरण आणि आजची मनःस्थिती दोन्ही मिसळतात. येथे बालपणाची बरीचशी नोंद बालपणीच झालेली होती.

लहानपणी मारझोड किंवा हेळसांड वाट्याला आलेल्यांच्या रक्तात बत्तिसाव्या वर्षी सीआरपी अधिक आढळण्याची शक्यता जास्त होती, असे २००७ साली जाहीर झाले. धूम्रपान, आहार आणि आर्थिक स्थिती यांचा परिणाम वगळूनही हा फरक उरला. करोनाच्या काळात ज्याचा आकडा आपण रिपोर्टमध्ये धडधडत्या छातीने शोधत होतो, तेच हे दाह, म्हणजे प्रतिकारशक्ती चेतल्याने येणारी आतली सूज (इन्फ्लमेशन), असताना यकृतात तयार होणारे प्रथिन.

मग इतक्या जुन्या धास्तीचा माग रक्तात उरतो कसा? भीती वाटताच मेंदूतील हायपोथॅलॅमस पियूषिका ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना संदेश धाडते, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक येते. ते साखर वाढवते, दाह आवरते आणि मेंदूतील ग्राहींना, म्हणजे त्याचा संदेश टिपणाऱ्या पेशींवरील प्रथिनांना, जाऊन चिकटते, तेव्हा मूळ संदेश थांबतो. ॲडिसनच्या आजारात कॉर्टिसॉल पुरेसे बनत नाही आणि उपचार न झाल्यास तो जिवावर बेततो. म्हणून ते 'घटवणाऱ्या' चूर्णांच्या जाहिरातींना कोणी भुलू नये. दीर्घकाळ धास्तीत राहिलेल्या शरीरात प्रतिकारपेशी कॉर्टिसॉलला दाद देईनाशा होतात, आणि मंद दाह वर्षानुवर्षे धुमसत राहून रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतो.

हा प्रतिसाद किती लवकर घडत जातो, हे कॅनडातील मॉन्ट्रियल येथे मायकेल मीनी या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतील उंदरांनी दाखवले, आणि मला हा प्रयोग विलक्षण सुंदर वाटतो. काही माद्या पिल्लांना सतत चाटतात, काही क्वचितच. पुष्कळ चाटलेल्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकाचे ग्राही अधिक असतात. कमी चाटलेल्यांमध्ये त्या ग्राहींचे जनुक जेथून चालू होते तेथील डीएनएला मिथाइल गट हे छोटे रासायनिक तुकडे चिकटलेले राहतात, असे २००४ साली दिसले. डीएनएची अक्षरे तीच, पण वाचन मंदावलेले! जन्मताच पिल्लांची अदलाबदल केली, तर ही खूण सांभाळणाऱ्या मादीच्या वागण्यानुसार उमटते.

माणसांच्या बाबतीत असे आकडे समूहाच्या सरासरीचे असतात. त्यांवरून एकट्या व्यक्तीचे भाकीत करता येत नाही. शिवाय परिणाम उलट दिशेने, शरीराकडून मनाकडेही होतो. हेपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावर पूर्वी इंटरफेरॉन हे प्रतिकारशक्तीला चेतवणारे प्रथिन टोचले जाई, आणि आधी मनाने ठणठणीत असलेल्या कित्येक रुग्णांनाही काही आठवड्यांतच नैराश्याने ग्रासले.